ठिपका लावाल, तर लाइनवरून परत याल

पिस्तुलाच्या स्पर्धेसाठी कुठला रेड डॉट घ्यावा, असं रत्नागिरीत हल्ली मला वरचेवर विचारलं जातं. विचारणारे बहुतेक वेळा आई-वडील असतात. मुलगी किंवा मुलगा नववी-दहावीत, एअर पिस्तूल हातात घेऊन वर्षभर झालेलं, स्कोअर एका आकड्यावर येऊन अडलेला. अशात घरातलं कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं. काचेत लाल ठिपका, ठिपका टार्गेटवर, आणि प्रत्येक गोळी मधोमध. मग घरात एकच विषय सुरू होतो: आपल्या पोराच्या पिस्तुलाला हे का नाही?

उत्तर एका ओळीचं आहे. दहा मीटर एअर पिस्तूल किंवा पंचवीस मीटर पिस्तूल खेळायचं असेल, तर कुठलाच घेऊ नका. चालत नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमात पिस्तुलाला फक्त उघडी साइट मान्य आहे. पुढे एक पाती, मागे एक खाच, बस्स. दुर्बीण नाही, आरसा नाही, लेसर नाही, इलेक्ट्रॉनिक ठिपका नाही. पॉवरची काच लागत असेल तर ती डोळ्यावरच्या चष्म्यात बसवायची, पिस्तुलावर नाही. आपल्याकडे जिल्हा, राज्य, मावळणकर, राष्ट्रीय अशी स्पर्धांची जी शिडी आहे, ती याच नियमांवर उभी आहे. त्यामुळे ठिपका लावलेलं पिस्तूल इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावरच बाजूला काढलं जाईल. त्या टेबलावर एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत आहे ना, ट्रिगर किमान ५०० ग्रॅम उचलतो ना, पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावतं ना, इतकं सगळं तपासतात. वर उभी केलेली काच तिथे कोणाच्या नजरेतून सुटणार?

हे नियम नेटवर फुकट वाचायला मिळतात. तरीही पैसे खर्च करून झाल्यावर ते कळणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला राग येतो. पालकांचा नाही. सामान विकताना ‘मुलाला नेमकं काय खेळायचंय’ एवढा एक प्रश्न न विचारणाऱ्यांचा.

पॅरिस ऑलिंपिकनंतर एक फोटो घरोघरी फिरला. तुर्कीचा युसुफ डिकेच, एक हात खिशात, डोळ्यावर साधा चष्मा, आणि गळ्यात मिश्र सांघिक एअर पिस्तुलाचं रौप्य. ‘काहीही न लावता पदक’ अशा ओळी खाली लिहून लोकांनी तो पुढे ढकलला. हात खिशात ठेवणं किंवा कमरेला खोचणं ही बहुतेक पिस्तूल नेमबाजांची सवय आहे, रिकामा हात लोंबता ठेवला की शरीर हलतं म्हणून. डिकेचच्या शेजारच्या लेनवर ज्यांच्या डोळ्यांसमोर झापडं आणि भिंगं होती, त्यांच्या पिस्तुलावरही तीच उघडी पाती आणि तीच खाच होती. साइटच्या बाबतीत त्या लाइनवर सगळे एका पायरीवर उभे होते. त्या फोटोतून घ्यायचं ते हे.

आणि तुर्कीपर्यंत जायची गरजही नाही. आंबा घाट चढून पलीकडे उतरलं की कोल्हापूर. तिथली राही सरनोबत २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या मुलीशी ३४ वर बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला, आणि सुवर्ण राहीचं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. या प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात हात ४५ अंशांवर खाली धरलेला असतो. टार्गेट ३ सेकंदच मिळतं. तेवढ्यात हात वर आणायचा, पाती खाचेत बसवायची, ट्रिगर दाबायचा. ठिपक्याशिवाय. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलीने हे जगाच्या व्यासपीठावर करून दाखवलं आहे. तरीही साइट म्हटलं की आपल्या मुलांसमोर परदेशी व्हिडिओ लावले जातात, राहीच्या अंतिम फेऱ्या नाहीत. हे बदलायला हवं.

आता ‘का’ चालत नाही ते बघू, कारण त्याच्यातच या खेळाचा सगळा गाभा आहे.

एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३२ सेंटीमीटर अंतर असतं. हात लांब केला की मागच्या खाचेत पुढची पाती उभी दिसते आणि पातीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन बारीक पट्ट्या दिसतात. दोन्ही पट्ट्या सारख्या हव्यात आणि पातीचा माथा खाचेच्या माथ्याशी एका रेषेत हवा. समजा, पाती खाचेत फक्त १ मिलिमीटर उजवीकडे सरकली. १० मीटरवर छर्रा ३१ मिलिमीटर उजवीकडे जातो. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. म्हणजे दहाच्या जागी जेमतेम सात. २५ मीटरच्या पिस्तुलात तर दोन साइटमधलं अंतर २२ सेंटीमीटरपर्यंतच ठेवता येतं. तिथे त्याच १ मिलिमीटरचे ११४ मिलिमीटर होतात आणि दहाचा सहा होतो.

दुसरी चूक बघा. पाती खाचेत अचूक बसलेली आहे, पण अख्खा हात जसाच्या तसा ५ मिलिमीटर बाजूला गेला. छर्रा ५ मिलिमीटरच सरकतो. दहा लागतो.

म्हणून प्रशिक्षक घसा कोरडा होईपर्यंत सांगतात की टार्गेट धूसर दिसू दे, पाती स्पष्ट बघ. काळा गोळा पुसट झाला तरी बिघडत नाही, पाती पुसट झाली की सगळं गेलं. माणसाच्या डोळ्याची ओढ उलटी असते. ज्याला मारायचं त्याच्याकडे तो धावतो. ती ओढ आवरायला दोन-दोन, तीन-तीन वर्षं जातात. नेमबाज घडतो तो त्या वर्षांत.

रेड डॉट नेमकी हीच अडचण काढून टाकतो. छोट्या दिव्याचा प्रकाश एका वक्र काचेवर पडतो. काचेवरचा लेप तेवढा लाल रंग परतवतो आणि बाकीचा उजेड आरपार जाऊ देतो. परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात, त्यामुळे ठिपका दूर टार्गेटाजवळ तरंगतोय असं वाटतं. डोळा टार्गेटवर ठेवायचा, ठिपका आपोआप तिथे दिसतो. पाती नाही, खाच नाही, उजेडाच्या पट्ट्या नाहीत. मूळ कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची, १९०० सालची. पुढे लढाऊ विमानांच्या बंदुकांवर ती बसली आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बॅटरीवरची साइट बाजारात आणली. अप्रतिम शोध आहे तो. धावत, वळत, एकामागून एक टार्गेटं मारण्याच्या आयपीएससीच्या खेळात त्याने सगळं चित्र पालटलं. १९९० च्या तिथल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा डग केनिग ठिपक्यावर जिंकला. आज त्या खेळात ठिपकेवाल्यांचे स्वतंत्र गट आहेत. अमेरिकेतल्या बुल्सआय प्रकारातही ठिपका चालतो.

पण आपल्या मुलांना तो खेळ खेळायचाय का? आयपीएससीचं जग मुख्यतः ९ एमएम पिस्तुलावर चालतं. भारतात ९ एमएम हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे. रत्नागिरीतल्या शाळकरी मुलासमोर जो रस्ता खरोखर उघडा आहे, तो दहा मीटरचा आहे आणि पुढे परवाना, रेंज, वय जुळलं तर पॉइंट टू-टूचा. दोन्हीकडे उघडी साइट. जिथे जायचंच नाही तिथल्या गाडीचं तिकीट का काढायचं?

मध्यंतरी एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले होते. ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला डॉट त्यांनी टेबलावर ठेवला. चांगला, महागाचा दुबईहून येणाऱ्या मेव्हण्याबरोबर आणायचा विचार होता, त्याआधी मला विचारायला आले होते.

“काका, तुम्ही एकदा बघून सांगा,” ते म्हणाले. “मला तर ठिपका ठिपक्यासारखा दिसतच नाही. स्वल्पविरामासारखा दिसतो. पीस खराब आलाय बहुतेक.”

मी तो उचलून खिडकीतून माडाच्या शेंड्यावर धरला. ठिपका गोल होता. मग त्यांच्याच मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला. फोटोतही गोल. मी म्हटलं, “भाऊ, पीस चांगला आहे. डोळे तपासून घ्या. तुम्हाला सिलिंड्रिकल नंबर असणार.”

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने डॉट हातात घेतला, हात लांब करून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर धरला आणि लगेच खाली केला. “काका, यात माझा हातच हलताना दिसतो. पिस्तुलात एवढा नाही हलत.”

हात तेवढाच हलत होता. ठिपका ते हलणं उघडं करून दाखवतो, एवढंच. नवशिक्याच्या दृष्टीने डॉटमधला सगळ्यात मोठा धोका हाच. ठिपका दहावर आला रे आला की पटकन ट्रिगर ओढायचा, ही सवय लागते. ती लागली की पातीवर परत आल्यावर प्रत्येक गोळी झटक्याने खाली जाते, आणि ती सवय मोडायला पुढची कित्येक महिन्यांची मेहनत जाते. हात हलतच असतो, ऑलिंपिक विजेत्याचाही हलतो. तो हलत असताना ट्रिगर सावकाश, एकसारखा मागे आणायचा असतो. पंधरा वर्षांच्या त्या मुलीने दोन सेकंदांत जे पाहिलं, ते तिच्या वडिलांना कोणी विक्रेता सांगणार नव्हता. मेव्हण्याचा डॉट त्यांनी रद्द केला.

तरीही काही जणांना तो खरंच हवा असतो. कोणी निवृत्त फौजी आहे, कोणाकडे परवान्याचं पॉइंट टू-टू आहे आणि क्लबात मित्रांमध्ये हौसेने मारायचं आहे, कोणाचा भाऊ परदेशात आयपीएससी खेळतो आणि सल्ला मागतो. त्यांच्यासाठी मनापासून सांगतो.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये मोजतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटीमीटर, २५ मीटरवर ७ मिलिमीटर. ६ एमओएचा ठिपका २५ मीटरवर ४४ मिलिमीटर झाकतो, आणि तिथल्या प्रिसिजन टार्गेटचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर आहे. म्हणजे दहा जवळजवळ पूर्ण झाकला. सावकाश, नेमाने मारायचं असेल तर २ किंवा ३ एमओए घ्या. जवळची टार्गेटं वेगात मारायची असतील तर ५-६ एमओए, कारण मोठा ठिपका डोळ्याला चटकन सापडतो. मोठी काच म्हणजे चांगली साइट, असंही नाही. मोठ्या काचेत ठिपका लवकर सापडतो हे खरं, पण वजन वाढतं आणि मनगट सैल असल्याचं लक्षात येत नाही. छोट्या काचेत चुकीच्या पकडीने पिस्तूल उचललं की ठिपका दिसतच नाही, आणि पकड चुकल्याचं तिथल्या तिथे कळतं.

काच उघडी की बंद, हा प्रश्न कोकणात सगळ्यात महत्त्वाचा. उघड्या डॉटमध्ये दिवा खाली आणि काच पुढे, मधली जागा मोकळी. दिव्यावर पाण्याचा एक थेंब किंवा धुळीचा कण बसला की ठिपका पसरतो, कधी गायबच होतो. बंद डॉटमध्ये दिवा दोन काचांच्या मध्ये डबीत असतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतून पाणी टपकत असतं. एसी गाडीतून उतरून पेटी उघडली की बाहेरच्या काचेवर वाफ धरते, ती दोन्ही प्रकारांत धरते. पण बंद डॉटची काच कपड्याने पुसली की काम भागतं, उघड्याच्या आत बोट घालावं लागतं. इथे राहणाऱ्याने बंदच घ्यावा, जास्त पैसे पडले तरी. भाट्ये किंवा मांडवीजवळ घर असेल तर खारा वारा स्क्रूलाही सोडत नाही. साइट बसवताना कंपनीने सांगितलेल्या जोरानेच स्क्रू आवळा, थ्रेडलॉकरचा थेंब लावा आणि स्क्रूच्या डोक्यावर रंगाची रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की स्क्रू सरकला.

साइटच्या बैठकीचं माप सगळ्या कंपन्यांचं एकसारखं नसतं. आरएमआर साइटची भोकं वेगळी, डेल्टापॉइंट साइटची वेगळी, अॅक्रो साइटला तर खोबणीची पकड. आधी पिस्तुलावर काय बसतं ते बघा, साइट नंतर. मधे अॅडॅप्टर पट्टी घालावी लागली तर साइट उंच होते आणि ढिली होणारी जागा एकाने वाढते. बॅटरी बऱ्याच साइटना सीआर २०३२ लागते. ती मारुती मंदिरला कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. मात्र ती बदलण्यासाठी साइट पिस्तुलावरून काढावी लागते का, हे विकत घेण्याआधी विचारा. लागत असेल तर दर वेळी शून्य पुन्हा जुळवत बसाल. आणि डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर असेल, तर स्वतःच्या चष्म्यातून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून माणसाबरोबर आणायचा असेल तर कस्टमचं आधी लेखी विचारून घ्या. विमानतळावर शस्त्राच्या सामानावरून होणारी चौकशी कोणाच्याही मेव्हण्याला सोसणारी नसते.

झालं. आता परत आपल्या मुलांकडे.

साइट निवडण्याचा खरा, उपयोगाचा प्रश्न उघड्या साइटमध्येच आहे, आणि तो कोणी विचारत नाही. चांगल्या एअर पिस्तुलाची पुढची पाती बदलता येते, काहींची नुसती फिरवून रुंद-अरुंद करता येते. मागची खाचही कमी-जास्त होते. कितीची पाती घ्यावी? मुलीचा हात लांब, तर पाती डोळ्यापासून दूर जाते आणि अरुंद दिसते. हात आखूड, तर रुंद दिसते. दुकानातून जशी आली तशीच सगळ्यांना कशी चालेल? उजेडाच्या पट्ट्या फार बारीक ठेवल्या तर डोळा शिणतो आणि साठ गोळ्यांच्या शेवटच्या वीसमध्ये स्कोअर पडतो. फार रुंद ठेवल्या तर पाती थोडी सरकलेली कळत नाही. सुरुवातीला पट्ट्या जरा मोकळ्या ठेवाव्यात, हात स्थिरावला की हळूहळू आवळाव्यात, असं माझं मत आहे. रेंजवरचा उजेड बदलला की हे पुन्हा तपासायचं. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या हॉलमध्ये जुळवलेली साइट बालेवाडीच्या दिव्यांखाली वेगळी वाटते, आणि ट्रायलच्या पंधरा मिनिटांत मूल गोंधळून जातं. स्क्रूड्रायव्हरचे दोन वळसे, खर्च शून्य. पण त्यासाठी आठवडाभर रोज स्कोअरची वही लिहावी लागते. कुठल्या मापाला गोळ्या कुठे गेल्या हे तिच्याशिवाय सापडत नाही.

दुसरा खर्च चष्म्याचा. पाती डोळ्यापासून हाताच्या लांबीपेक्षाही थोडी पुढे असते. दूरच्या नंबरात ०.५० ते ०.७५ चा प्लस मिसळला की ती पाती लख्ख दिसते आणि टार्गेट हवं तेवढंच धूसर होतं. ते नियमात बसतं. चाळिशी ओलांडलेल्या मास्टर्स गटातल्या माणसांना तर पाती दिसेनाशी झाली म्हणून डॉटचा मोह होतो. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना पातीचं अंतर टेपने मोजून घेऊन जावं. वाचनाचा चष्मा या अंतराला उपयोगी नाही, आणि अंतर सांगितल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार?

तिसरा खर्च ग्रिपचा, आणि माझ्या मते तो सगळ्यात मोलाचा. लाकडी मूठ हातात भरली पाहिजे. जिथे पोकळी राहते तिथे लांबी भरायची, जिथे टोचते तिथे कानस मारायची. मूठ बरोबर बसली की डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले, तरी पाती खाचेत असते. जी साइट आपोआप जुळून येते तिला ठिपक्याची गरज काय? आपल्याकडचे सुतार बारीक कामात कोणाला हार जाणारे नाहीत. प्रशिक्षक शेजारी उभा राहिला तर आपला सुतार ती मूठ एका दुपारी करून देईल.

जुनं पिस्तूल घेत असाल तर आणखी एक तपासा: हवेच्या सिलिंडरवरची तारीख. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ती उलटलेली नाही हे बघण्याची जबाबदारी नियमाने नेमबाजाची. ‘दोन-चारदाच वापरलंय’ म्हणून स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलावर संपलेला सिलिंडर निघाला, तर पहिला खर्च तोच. सिलिंडर हातपंपाने भरत असाल तर इथल्या दमट हवेतलं पाणी आत जातं आणि आतून गंजवतं. पंपाला कोरडेपणासाठी फिल्टर लावा, किंवा स्कूबाच्या टाकीतून भरून घ्या. पिस्तूल फोमच्या पेटीत तसंच बंद करून पावसाळ्यात कपाटात ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. पुसा, तेलाचा हात फिरवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला बदला.

एवढं करून पैसे उरले तर छर्रे घ्या. मुलं छर्रे मोजून मारतात, डबा संपेल म्हणून मालिका अर्धी सोडतात, हे बघवत नाही. क्लबातल्या चार पालकांनी मिळून वर्गणी काढली तर स्कॅटसारखं यंत्र घेता येतं. त्यात नळीला सेन्सर लागतो आणि ट्रिगर ओढायच्या आधी पिस्तूल कुठून कुठे फिरलं ती रेघ पडद्यावर उमटते. हात हलतो तो दिसावा, हेच ठिपक्याकडून हवं होतं ना? हे यंत्र ते मोजून देतं, एका मुलाला नाही तर क्लबातल्या सगळ्यांना, आणि सराव पातीवरच होतो.

आता शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. आपल्या देशात राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी म्हणजे मावळणकर स्पर्धा. मुलं ‘मावळणकर मारून आलो’ असं म्हणतात. ती ज्यांच्या नावाने आहे ते गणेश वासुदेव मावळणकर लोकसभेचे पहिले सभापती, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे संस्थापक अध्यक्ष. त्यांचं घराणं मूळचं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं. सुरुवातीचं शिक्षण राजापुरात. म्हणजे भारतातल्या नेमबाजीच्या संघटनेचा पाया घालणारा माणूस या जिल्ह्याच्या मातीतला आहे. त्यांच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात मुलांसाठी दहा मीटरची लाइन असावी, एवढी अपेक्षा काही फार मोठी नाही.

कारण दहा मीटरच्या लाइनला लागतं काय? लांब हॉल. समोर भक्कम भिंत, तिच्यापुढे पोलादी पाठीचे छर्रे अडवणारे डबे, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड, बाकी खोलीत ३०० लक्स. फायरिंग लाइनच्या पुढे उघडणारं प्रत्येक दार आतून बंद. एक प्रशिक्षित माणूस, ज्याच्या हुकमाशिवाय कोणी पिस्तुलाला हात लावणार नाही. शाळांचे हॉल संध्याकाळी पाचनंतर रिकामे असतात. पावसाळ्यात मैदानं चार महिने बंद पडतात, त्या काळातही हा खेळ छपराखाली अखंड चालू शकतो. दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडा गुणांसाठी धावपळ करणारे पालक मार्चमध्ये भेटतात. त्यांनी जूनमध्ये भेटावं.

येत्या पालक सभेत डॉटसाठी बाजूला काढलेल्या पैशांचा विषय काढा. दहा घरांचे मिळून चार लाइनचे डबे आणि दिवे सहज होतात. मुख्याध्यापकांना एक अर्ज द्या, त्याची प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना. अर्जात हॉलची लांबी, भिंतीचा प्रकार, दारं किती आणि कुठे, प्रशिक्षक कोण, वेळ कोणती, एवढंच लिहा. हॉल मोजायला टेप घेऊन मी यायला तयार आहे. रविवार सोडून कुठल्याही संध्याकाळी कळवा.